कोणते दोन एकच धरायचे?

(विठ्ठलवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृती व्याख्यानमालेला संत, समाजसुधारक, इतिहास किंवा फार तर अर्थकारण असे विषय शोभतात, अशी आपली जुनी समजूत आहे. अकरावीच्या गणितातला एक धडा आणि त्यावर प्रवेशपरीक्षेत येणारे प्रश्न त्या पंगतीत बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही हा विषय घेतला. कल्याण सोडले की रुळांच्या दोन्ही अंगांना, उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथला आणि बदलापूरला दहावीचा निकाल लागल्यावर घराघरांत पैसा, वेळ आणि झोप ज्या गोष्टीपायी जाते ती प्रवेशपरीक्षा आहे. त्या परीक्षेच्या गणितात एक धडा असा आहे की त्याच्यापुढे पाठांतर लवकर उघडे पडते. मराठीत त्याला क्रमचय आणि संचय म्हणतात, मुले ‘पी अँड सी’ म्हणतात, आणि बरीचशी मुले तो ‘ऑप्शनला टाकतात’. माझे म्हणणे असे आहे की या धड्यातली उदाहरणे सूत्र आठवत नाही म्हणून सहसा चुकत नाहीत. मोजायला घेतलेल्या गोष्टींपैकी कोणत्या दोन एकच धरायच्या आणि कोणत्या वेगळ्या, हे आधी ठरवलेले नसते म्हणून ती चुकतात. हे ठरवणे हेच या धड्यातले गणित. त्यानंतर उरतो तो गुणाकार-भागाकार, आणि तो कोणालाही करता येतो.

कल्याणहून कर्जतकडे जाणारा आपला मार्गच घेऊ. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत अशी दहा स्थानके. या स्थानकांच्या दरम्यान प्रवासासाठी किती वेगवेगळी तिकिटे लागतील, असा प्रश्न विचारला तर वर्गात दोन उत्तरे येतात, ४५ आणि ९०. क्लासमध्ये सांगितलेली खूण अशी असते की प्रश्नात ‘मांडणी’ हा शब्द दिसला की पी आणि ‘निवड’ दिसला की सी. या प्रश्नात दोन्ही शब्द नाहीत, त्यामुळे ती खूण इथे मुकी होते. खरा प्रश्न साधा आहे: विठ्ठलवाडी ते कर्जत आणि कर्जत ते विठ्ठलवाडी ही तिकिटे एकच की दोन? तिकिटावर निघण्याचे स्थानक वेगळे छापलेले असते, म्हणून ती दोन. म्हणजे उत्तर ९०. पण कोणत्या दोन स्थानकांमध्ये किती अंतर आहे याचा तक्ता करायचा असेल, तर जातानाचे आणि येतानाचे अंतर एकच, म्हणून नोंदी ४५. स्थानके तीच, संख्या तीच, उत्तर मात्र दुप्पट किंवा निम्मे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली हे नवे स्थानक मंजूर झालेले आहे. ते धरले तर किती तिकिटे वाढतील? ज्याला सूत्र तेवढे येते तो ११ घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. ज्याला प्रश्न कळला आहे तो म्हणेल की चिखलोलीहून जुन्या दहा स्थानकांना दहा आणि तिथून चिखलोलीला दहा, म्हणून वाढ २० आणि एकूण ११०.

परीक्षेचा साचा काय आहे, तेही नीट पाहिले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्यावरचे बहुतेक आक्षेप तिथूनच येतात. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे, उत्तर चुकले तर गुण कापत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. एमबीएच्या सीईटीत २०० प्रश्नांना १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. या आकड्यांकडे पाहून पालक आणि शिक्षक एकाच निष्कर्षाला येतात: विचार करायला वेळ नाही, ट्रिक हवी. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे एका उदाहरणातून दाखवतो.

एका गृहनिर्माण संस्थेत कमिटीसाठी सहा पुरुष आणि चार महिला उमेदवार आहेत. पाच जणांची कमिटी निवडायची आहे, तिच्यात निदान दोन महिला हव्यात. किती प्रकारे? घाईत असलेला विद्यार्थी म्हणतो, आधी चार महिलांतून दोन निवडू, त्याचे ६ प्रकार. मग उरलेल्या आठ जणांतून कोणतेही तीन घेऊ, त्याचे ५६ प्रकार. गुणाकार ३३६. उत्तर देखणे आहे, सूत्रे बरोबर वापरली आहेत, आणि उत्तर साफ चुकीचे आहे. दहा जणांतून पाच निवडण्याचे प्रकारच मुळी २५२. अट घातल्यावर ते वाढतील कसे? एवढे जरी विद्यार्थ्याच्या लक्षात आले असते तरी तो थांबला असता. खरे उत्तर १८६. दोन महिला आणि तीन पुरुष अशा कमिट्या १२०, तीन महिला आणि दोन पुरुष अशा ६०, चार महिला आणि एक पुरुष अशा ६. मग ३३६ कुठून आले? ज्या कमिटीत तीन महिला आहेत तिच्यातल्या कोणत्या दोघी ‘आधी’ आल्या आणि कोणती ‘नंतर’, याचे तीन प्रकार होतात, म्हणून अशी प्रत्येक कमिटी तीनदा मोजली गेली. चार महिलांची कमिटी सहादा मोजली गेली. १२० अधिक १८० अधिक ३६, बरोबर ३३६. चूक हिशेबात झालेली नाही. एकच कमिटी वेगवेगळ्या वाटांनी आली म्हणून ती वेगळी वाटली, एवढीच चूक आहे.

या उदाहरणातून वेळेच्या आक्षेपाचे निम्मे उत्तर मिळते. चुकीच्या वाटेला लागणारा वेळ बरोबर वाटेपेक्षा कमी नाही. २५२ मधून एकही महिला नसलेल्या ६ आणि एकच महिला असलेल्या ६० कमिट्या वजा केल्या की १८६ येतात, आणि हे सारे १०८ सेकंदांत आरामात बसते. वेळ खातो तो विचार नव्हे. प्रश्न वाचून झाल्यावर ‘हा कोणत्या टाइपचा’ हे मनातल्या यादीत शोधत बसणे वेळ खाते. टाइपांची यादी जितकी लांब तितका शोध लांबतो, आणि या धड्याच्या गाइडांत ती यादी फारच लांब असते: गोल टेबल, हार, कॅटमधले पत्ते, मुली एकत्र बसणार नाहीत, स्वर शेजारी येणार नाहीत, आणखी काय काय.

पर्यायांच्या आक्षेपाला मात्र थोडे थांबून उत्तर दिले पाहिजे, कारण तो अधिक हुशार आक्षेप आहे. लोक म्हणतात, चार पर्यायांतले एक उत्तर ठरलेलेच असते, चुकीला दंड नाही, मग अंदाज लागला तरी पुरे. पण प्रश्नपत्रिका काढणारा माणूसही शिक्षक असतो, आणि विद्यार्थी कुठे घसरतो हे त्याला चांगले माहीत असते. कमिटीच्या प्रश्नाचे चार पर्याय काढायला बसलो तर १८६ च्या शेजारी ३३६ ठेवणार नाही असा पेपरसेटर कोण? आपले चुकीचे उत्तर पर्यायांत छापलेले दिसले की विद्यार्थ्याला ते बरोबरच वाटते, आणि तो पुढे जातो. म्हणजे पर्याय मदत करतात ते चूक ओळखू शकणाऱ्याला; न ओळखणाऱ्याची ते फसवणूक करतात. शिवाय जेईई मेनमध्ये पर्यायच नसलेले, उत्तराचा आकडा टाइप करायला लावणारे प्रश्न असतात. तिथे अंदाजाला आधार कशाचा?

आपल्या गावांच्या नावांवर असाच एक प्रश्न बनवता येतो. बदलापूरचे इंग्रजी स्पेलिंग आठ अक्षरांचे आहे आणि त्यात ‘ए’ हे अक्षर दोनदा येते. ही अक्षरे किती प्रकारे मांडता येतील? आठही वेगळी असती तर ४०,३२०. पण दोन ‘ए’ची अदलाबदल केली तरी शब्द तोच दिसतो, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा मोजला गेला आहे, उत्तर २०,१६०. आता विचारा की दोन्ही ‘ए’ शेजारी-शेजारी असलेले शब्द किती. इथे सवयीने हात चालतो: दोन ‘ए’ची एक गाठ बांधली, सात वस्तू झाल्या, ५,०४० प्रकार, आणि गाठीच्या आतल्या दोघांची अदलाबदल म्हणून गुणिले दोन. वर्गात ‘दोन मुली शेजारी’ हे उदाहरण असेच सोडवलेले असते. पण दोन मुली दोन वेगळ्या व्यक्ती असतात. दोन ‘ए’ नसतात. गुणिले दोन इथे चूक आहे, उत्तर ५,०४०. दोन्ही प्रश्नांची शब्दरचना जवळजवळ सारखी आहे. म्हणून शब्दांवरून सूत्र ओळखायची शिकवण इथे हमखास दगा देते.

हे सारे आधुनिक पाश्चात्त्य गणिताचे खूळ आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच मुलखातला इतिहास पाहावा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, ‘लीलावती’ ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तिथे मठ स्थापन केला, असे हा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग तर मराठीत आहे. म्हणजे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी हे गणित शिकवायची व्यवस्था होती. ‘लीलावती’च्या अंकपाश या प्रकरणात भास्कराचार्य विचारतात की शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधे आलटूनपालटून दिली तर मूर्तीचे भेद किती, आणि हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिले तर किती. उत्तरे ३६,२८,८०० आणि २४. हे प्रश्न लिहिले गेले तेव्हा अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहून नव्वद वर्षे झाली होती. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली चोवीस नावे आणि विष्णूच्या चोवीस मूर्ती या मोजणीशी जुळतात. आपल्या विठोबाने मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून हिशेब फार सोपा केला आहे.

त्याच ‘लीलावती’त, अंकपाशाच्या बऱ्याच आधी, मिश्रव्यवहारात दुसऱ्या जातीचे प्रश्न येतात. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या सहा रसांतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती पदार्थ होतील? उत्तर ६, १५, २०, १५, ६ आणि १, मिळून ६३. वैद्यकाला हा आकडा आधीपासून परिचित होता. सुश्रुतसंहितेतही रसांचे ६३ भेद येतात. इथे आंबट आणि गोड एकत्र केले काय किंवा गोड आणि आंबट एकत्र केले काय, चव एकच. शंभूच्या उजव्या हातातला डमरू डाव्या हातात गेला तर मूर्ती मात्र बदलते. एकाच पुस्तकात दोन वेगळे नियम आहेत ते म्हणूनच. कोणता कुठे लावायचा हे वस्तू सांगते. वराहमिहिराने सहाव्या शतकात सुगंधी द्रव्यांबद्दल हेच केले. सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२०. पण त्या चार द्रव्यांचे भाग एक, दोन, तीन आणि चार असे ठेवायचे ठरवले तर कोणत्या द्रव्याचा भाग किती याने गंध बदलेल, आणि प्रत्येक चौकडीतून २४ निघून ४३,६८० होतील. गंध्याच्या दुकानात उभे राहून मोजले तर पी की सी असा संभ्रम पडतच नाही, नाक सांगते.

इथे एक आक्षेप परंपरेच्या अंगाने येतो. भास्कराचार्यांचे नियमही श्लोकबद्ध होते, विद्यार्थी ते घोकतच असत, मग आजच्या सूत्रपाठांतराला दोष का? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष अपुरा आहे. श्लोकाच्या जोडीला टीका असे. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके वापरला, त्यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली, आणि ती गाजली ती नियमांमागच्या उपपत्तींसाठी. श्लोक स्मरणासाठी, उपपत्ती समजण्यासाठी. दोन्ही एकत्र वाचली जात. आजच्या नोट्समध्ये श्लोकाची जागा सूत्राने घेतली आणि टीकेची जागा ‘ट्रिक’ने घेतली, एवढा तो फरक आहे.

परंपरेतली दुसरी एक गोष्ट तर थेट जेईईच्या प्रश्नात जाऊन बसली आहे. सिंघणाच्याच काळात देवगिरीला शार्ङ्गदेव होता. राज्याच्या जमाखर्चाच्या खात्याचा तो अधिकारी होता आणि ‘संगीतरत्नाकर’ त्याने तिथे लिहिला. सात स्वर एकेकदा घेऊन होणारे ५,०४० क्रम त्याने मांडले. हिशेबनीस माणूस तानांचाही हिशेब करणारच! पण तो ५,०४० या आकड्यावर थांबला नाही. सारे क्रम ठराविक रीतीने एकाखाली एक लिहिणे म्हणजे प्रस्तार. अमुक क्रमांकावर कोणती तान येते हे काढणे म्हणजे नष्ट. आणि अमुक तान कितव्या क्रमांकावर आहे हे काढणे म्हणजे उद्दिष्ट. यासाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता दिला, आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात किंवा उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीत ज्या मेरुखंडाची चर्चा होते त्याचे मूळ या विचारात आहे. आता जेईईतला नेहमीचा प्रश्न आठवा: एका शब्दाची अक्षरे उलटसुलट करून होणारे सारे शब्द कोशाच्या क्रमाने लावले तर मूळ शब्द कितवा? हे शुद्ध उद्दिष्ट आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी असा कोशक्रम धरू आणि ‘म रे सा ग प ध नी’ कितवा ते पाहू. ‘म’च्या आधी सा, रे, ग ही तीन अक्षरे सुरुवातीला येऊन गेली, प्रत्येकी ७२० क्रम, म्हणजे २,१६०. ‘म’नंतर ‘रे’च्या आधी ‘सा’ येऊन गेला, त्याचे १२०. पुढचे स्वर ओळीनेच आहेत. आधीचे २,२८०, म्हणून हा २,२८१ वा. उलट विचारले की ३,००० वा क्रम कोणता, तर पहिल्या चार स्वरांनी सुरू होणारे २,८८० गेले, ‘प’ आणि मग ‘सा’ यांनी सुरू होणारे पुढचे १२० घेतले की बरोबर ३,००० होतात, म्हणून तो त्या गटातला शेवटचा: प सा नी ध म ग रे. यात एकही सूत्र नाही, यादी कशी वाढत जाते एवढी जाण आहे. आपल्या शिकवणीत प्रस्तार गेला, नष्ट-उद्दिष्ट एका ‘टाइप’पुरते उरले, आणि फक्त एकूण संख्या शिल्लक राहिली. यादी न पाहता एकूण आकडा शिकलेल्या मुलाला कोणती ओळ दोनदा आली हे कळणार तरी कसे?

कोणी म्हणेल, पाच हजारांची यादी कोण लिहिणार? कोणीच नाही. यादी लिहायची ती तीन स्वरांची, सहा ओळींची. दहा स्थानकांऐवजी तीन स्थानकांची. लहान यादीत जी दोन रूपे एकच ठरतात तीच मोठ्या यादीतही एकच ठरतात. या सवयीचे बळ किती असते, ते पाहायला आपल्या लोकलच्या मार्गावरचेच उदाहरण आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, देवळालीत शाळामास्तर. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांना ज्या स्थानकाचे नाव मिळाले ते म्हणजे आजचे डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. पण जगाला ते माहीत आहेत ६१७४ साठी. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि हेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४ च येत राहते. हे सर्व संख्यांना लागू आहे का? तपासायच्या संख्या, पुढची शून्ये धरून, ९,९९०. पण अंक आपण पुन्हा लावणारच आहोत, म्हणून ३५२४, ४२५३ आणि ५३४२ यांत फरक नाही. उरले ७०५ गट. आणखी पाहिले तर वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर अवलंबून आहे: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अशा जोड्या ५४ च. जवळजवळ दहा हजारांचे काम चौपन्नांवर आले, आणि ते सूत्राने आले नाही; ‘या दोन संख्या माझ्या कामापुरत्या एकच आहेत का’ हे दोनदा विचारल्याने आले. एका दुपारी वहीत हे सारे तपासून होते.

आता सर्वांत व्यावहारिक आक्षेप. अकरावीचा भार २० टक्के, त्यातला हा एक धडा, त्यावर एखाद-दुसरा प्रश्न. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, सोडून द्या. हा सल्ला हिशेबी वाटतो, पण हिशेबातच तो चुकतो. अकरावीची संभाव्यता याच मोजणीवर उभी आहे, आणि बारावीतले द्विपद वितरण तर संचयाशिवाय एक पाऊल टाकत नाही. धडा सोडला तर त्यावर उभे असलेले दोन धडेही डळमळतात. मोजणी चुकली की संभाव्यता कशी चुकते याला मोठ्या माणसाचा दाखला आहे. लाइब्निट्सने १६६६ मध्ये, वयाच्या विशीत, संचयांच्या कलेवर ग्रंथ लिहिला. त्याच लाइब्निट्सने दोन फाशांची बेरीज ११ येणे आणि १२ येणे सारखेच संभाव्य मानले, कारण ११ ही पाच आणि सहा यांनीच होते आणि १२ ही सहा आणि सहा यांनीच. त्याने पहिल्या फाशावर पाच आणि दुसऱ्यावर सहा, आणि याच्या उलट, हे दोन प्रसंग एकच धरले. फासे दोन आहेत, ते ओळखता येतात, म्हणून ११ ची संधी १२ च्या दुप्पट आहे. सूत्रांची कमतरता लाइब्निट्सला नव्हती.

आणि याच्या नेमके उलट घडले ते १९२४ मध्ये, ढाक्यात. सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी करताना, कणांची अदलाबदल झाली तर नवी स्थिती मोजायची नाही, असे धरले. दोन वेगळे फासे दोन पेट्यांत टाकायचे तर चार प्रकार होतात. दोन प्रकाशकण असतील तर तीनच. या मोजणीतून प्रारणाविषयीचा प्लांकचा नियम सरळ बाहेर पडला. आइन्स्टाइन यांनी तो लेख जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला. जी गोष्ट फाशांच्या बाबतीत चूक होती ती प्रकाशाच्या बाबतीत बरोबर ठरली. दोन एकच आहेत की नाहीत हे सूत्र ठरवू शकत नाही याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. ‘दहा सारखी फुले तीन मुलींत वाटा’ आणि ‘दहा वेगळी पुस्तके तीन मुलींत वाटा’ हे परीक्षेतले दोन प्रश्न याच फरकावर उभे आहेत.

एक आक्षेप उरतो, आणि तो मनाला लागतो: हे सगळे हुशार मुलांसाठी ठीक आहे, सामान्य मुलाला सूत्र द्या, त्याला तेवढेच झेपते. मला नेमके उलट वाटते. हुशार मुलाची स्मरणशक्ती दांडगी असते. तो चाळीस टाइप लक्षात ठेवूनही निभावून नेईल. ज्याला पाठ होत नाही त्याला मोजता येणे हाच आधार आहे. पाचवीतले मूल, सहा जणांनी एकमेकांशी हात मिळवले तर किती हस्तांदोलने, हा प्रश्न बोटांवर सोडवते: पहिल्याने पाच जणांशी, दुसऱ्याने उरलेल्या चौघांशी, मग तीन, दोन, एक, झाले पंधरा. माझा हात तुझ्या हातात म्हणजे तुझा माझ्या हातात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. सहा वर्षांनी तेच मूल अकरावीत जाते आणि तोच प्रश्न एन-सी-आर लिहून सोडवते. कधी चुकून एन-पी-आर लिहिते, आणि तीस हे उत्तर पाहूनही त्याला काही खटकत नाही. मधल्या वर्षांत आपण त्याला काय शिकवले आणि काय विसरायला लावले, याचा विचार आपण करायला हवा.

म्हणून अकरावीला शिकवणाऱ्यांना, मग ते कॉलेजात असोत की क्लासात, माझी विनंती आहे की या धड्याच्या पहिल्या दोन-तीन तासांत फळ्यावर सूत्र लिहू नका. हरीच्या चोवीस मूर्ती मुलांकडून लिहून घ्या, सहा रसांतल्या तीन-तीनच्या वीस निवडी लिहून घ्या, आणि यादीत एखादी निवड दोनदा आली तर ती त्यांनाच शोधू द्या. संचयाच्या सूत्रात खाली जो भागाकार आहे तो तेव्हा त्यांचा त्यांनाच सापडेल. पालकांनी क्लास निवडताना किती ट्रिक शिकवतात हे विचारू नये. मुलाने सोडवलेले एक उदाहरण घ्यावे आणि त्याला एवढेच विचारावे, ‘इथे भागाकार का केलास?’ स्वतःला गणित येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि आलेले उत्तर पटण्याजोगे आहे की नाही हेही कळते.